पाचवं शील आणि शेणावरची अळंबी

आमच्या अमरावतीच्या घरी पाहुणे आले की माझ्या कामाची चौकशी होतेच, आणि ते ऐकल्यावर चहा थोडा वेळ तसाच निवत राहतो. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि पावसाळाभर मेळघाटात गव्यांच्या शेणावर उगवणारी अळंबी शोधते. तिच्या काही जातींत असं द्रव्य असतं की पोटात गेलं तर काही तास रंग, आवाज, वेळ, सगळ्याची जाणीवच बदलते. कायद्यानं त्यावर बंदी आहे. म्हणून रीतसर परवानगी काढायची, मोजके नमुने आणायचे, जात ओळखायची आणि परवाना असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवायचे, एवढंच माझं काम. नातेवाइकांनी मात्र माझं नाव ठेवलंय, नशेची मॅडम.

सगळ्यात जास्त राग माझ्या थोरल्या भावाला. दादा अकोल्याला असतो, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालाय, विहारात रोजची वंदना तोच घ्यायचा. मादक पदार्थांपासून दूर राहावं हे पाचवं शील तो इतकं कडक पाळतो की लग्नाच्या पंगतीनंतर सुपारीलाही शिवत नाही. त्याची थट्टा करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं.

गेल्या वर्षी वहिनी गेली. दवाखान्यात फार हाल होऊन गेली. त्यानंतर दादा खाटेवरून उठेना. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या. आणि ऐन श्रावणात त्याच्या सुनेचा फोन आला.

"आत्याबाई, बाबांनी गोळ्या सोडल्या. आता जेवनबी सोडून राहिले. डॉक्टर म्हणते, असंच चाललं तर भरती करा लागन. तुमी या."

मी अकोल्याची बस धरली आणि रस्ताभर भांडणाची तयारी केली. घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव आहे.

"कावून सोडल्या गोळ्या?" घरात पाय ठेवताच मी विचारलं.

"गुंगी येते. मंग ते नशाच झाली न. जन्मभर शील पाळलं, आता बुढेपणी मोडू काय? तुह्यासारखं?"

"मी काय करून राहिली, ते तू पाह्यलं काय कधी?"

न पाहता मानू नये आणि न पाहता नाकारू नये, ही शिस्त आम्हा भावंडांना त्यानंच लावलेली. दोन घास खाऊन तो माझ्याबरोबर मेळघाटात निघाला, केवळ माझा गुन्हा डोळ्यांनी पाहायला. मला तेवढंही पुरे होतं.

परतवाडा मागे पडला, घाट सुरू झाला. चिखलदऱ्याच्या वर गाडी थांबली, आम्ही गवतातून आत गेलो. गव्याच्या शेणाचा मोठा पो दिसला तशी मी गुडघ्यांवर बसले आणि नाक जवळजवळ त्याला लावून भिंगातून पाहू लागले. दादा माझ्यावर छत्री धरून उभा होता.

"एवढी शिकली, अन् शेवटी शेणातच आली बाप्पा," तो म्हणाला आणि हसला. किती तरी महिन्यांनी हसला. माझे डोळे भरून आले, पण मान वर केली नाही. त्यानं पाहिलं असतं तर हसू थांबलं असतं.

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "यानं मानसाचं दुःख जाते म्हंतात. खरं काय?"

शेणावरच्या अळंबीचा देठ मी दाबला होता तिथे तो हळूहळू निळा पडत होता, आत ते द्रव्य असल्याची खूण. त्याला द्यावी, हे माझ्या मनात आलं नाही असं म्हणणार नाही. भाऊ डोळ्यांदेखत विझत असताना असं मनात येतंच. पण रानातली अळंबी नुसती खाऊन कोणी बरं होत नाही, आणि काहींची तर तब्येत फार बिघडते. तेच त्याला सांगितलं. बाहेरच्या देशांत या द्रव्याच्या चाचण्या चालू आहेत, काही आजाऱ्यांना खूप बरं वाटलंय, काहींना नाही, अजून पुष्कळ कळायचं आहे. तिथे नुसतं औषध देऊन मोकळे होत नाहीत. आधी बोलतात, नंतरही बोलतात, आणि औषध अंगात असेपर्यंत शिकलेलं माणूस शेजारी बसून राहतं. भीती वाटली तर हात धरायला.

"बसून राह्यते? निस्तं?"

"हाव. निस्तं."

त्यानं छत्री या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "शीलाचं मी उगाच सांगतलं. गोळी घेऊन झोपलो. उठलो अन् वाटलं, तुही वहिनी सैपाकघरात आहे. मरन इसरलो मी तिचं. गोळ्या घेऊन घेऊन तिलेच इसरलो तं?"

मी शेणाचे हात तसेच ठेवून त्याच्याजवळ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अकोल्याच्या डॉक्टरांकडे गेलो. दादानं ही भीती त्यांना स्वतः सांगितली. त्यांनी गोळी बदलली, सुरुवातीला थोडी गुंगी येईल आणि मग कमी होईल, असं समजावलं. घरी आल्यावर दादानं गोळी हातावर घेतली आणि मला खुर्ची दाखवली.

"बस अथीसा. अन् मोबाईल पाहू नको."

मी बसले. त्याचा डोळा लागला, तो जागा झाला, मी तिथेच होते. पुढे सून बसू लागली, विहारातले मित्रही पाळीपाळीनं बसू लागले. माझी थट्टा करायची संधी मात्र त्यांच्यापैकी एकानंही सोडली नाही.

थंडी पडल्यावर दादाचा फोन आला. सकाळी विहारात जाऊन आला होता.

"तुही वहिनी आठवते वं," तो म्हणाला. "पह्यल्यापेक्षा जास्तच आठवते. पन पह्यले निस्ता दवाखाना दिसे. आता ते हासतानी दिसते."