उम्म अल कुवैनचे फासे आणि मावशीची कढई

लुडो खेळताना फासा टाकण्याआधी तुम्ही त्यावर फुंकर का मारता?

उत्तराची घाई करू नका. हा प्रश्न मी लोकांना फार वर्षं विचारत आले आहे, कारण मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. मिरजेला आमच्या पलंगाखाली गाद्यांऐवजी पत्रकांचे गठ्ठे असत. बुवाबाजीविरुद्धची, हुंड्याविरुद्धची, ग्रहणात जेवायला हरकत नाही असं सांगणारी. आईवडिलांनी माझं नाव समता ठेवलं आणि पुढे ते निभावण्याचं काम माझ्यावर सोडलं. अशा घरातून यंदा दिवाळीच्या तोंडावर मी दुबईला निघाले, आईच्या धाकट्या बहिणीकडे, सुनंदामावशीकडे.

निघतानाच आईशी खटका उडाला, खसखशीच्या पुडीवरून. मावशी अल मनखूलमध्ये फराळाचा धंदा करते आणि अनारशांना खसखस लागते, म्हणून आईने मोठ्या प्रेमाने पुडी बॅगेत घातली होती. पण दुबईत खसखशीला बंदी आहे, ती नेताना सापडलं तर थेट पोलीस. मावशीने त्यासाठी मुद्दाम फोन केला. "ताईला सांग, बहिणीवरची माया तिकडेच ठेव. मी तिळावर थापते अनारसे." पुडी घरी राहिली आणि मी विमानात बसले.

अल मनखूल ही जुन्या दुबईतली वस्ती. उंच काचेच्या इमारती दूर दिसतात, इथे मात्र चार-पाच मजली घरं, खाली शिंपी, किराणा, इडलीवाला, आणि प्रत्येक बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. मावशीच्या घराचं दार उघडलं की आधी तुपाचा वास येतो आणि मग माणसं. काका इमारतींना वातानुकूलनाचे पाइप बसवण्याची कंत्राटं घेतात. त्यांचा मुलगा अमेय कामासाठी मस्कतला गेला होता. घरात अमेयची बायको राधिकावहिनी होती आणि त्यांची आठ वर्षांची ईरा. ईराशी कोणीही मराठीत बोलावं, ती इंग्रजीतच उत्तर देते.

पहिल्याच संध्याकाळी मला या घरातला सल कळला. ऊद मेथा भागातल्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमासाठी अनारशांची मोठी ऑर्डर होती. मावशी पीठ मळत होती. वहिनी मात्र कढईपासून लांब, जेवणाच्या टेबलाशी बसून डब्यांवर लेबलं चिकटवत होती.

"तू तळत नाहीस?" मी विचारलं.

उत्तर मावशीने दिलं. "तिच्या हातचे हसतात."

अनारसा तुपात सोडल्यावर जाळी धरण्याऐवजी विरघळून पसरला, की तो हसला असं आपण म्हणतो. वहिनीने धंद्यात आल्यापासून जेव्हा जेव्हा पहिला घाणा सोडला तेव्हा तो हसला होता. एकदा मोदकही फुटले होते. मावशीचा निष्कर्ष साधा होता: पोर गुणी आहे, पण हातगुण नाही. आणि मावशीच्या स्वयंपाकघराचा कायदा असा, की पहिला घाणा हातगुण असलेल्यानेच सोडायचा.

मी अर्थातच पेटले. तांदूळ किती वाळला होता, गूळ कसा होता, तूप किती तापलं होतं, असे प्रश्न विचारले. मावशीने पिठाचा गोळा माझ्यासमोर धरला. "ए चळवळे, तुमच्या पत्रकांत अनारसे असतात का? नसतात ना? मग बस."

वहिनी हसली, पण नंतर बाल्कनीत तिने मला खरं काय ते सांगितलं. ती बँकेतली नोकरी सोडून या धंद्यात आली होती. आता जुन्या ऑफिसने परत बोलावलं होतं आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. "मला ऑफिसचा कंटाळा आला नव्हता गं. मला हे करायचं होतं, आईंच्या हाताखाली नीट शिकायचं होतं. पण लेबलंच चिकटवायची तर एसीत बसून फाइलवर चिकटवते. आणि आईंना दुखवायचंही नाहीये मला. खूप जीव लावतात त्या." मग ती म्हणाली, "कधीकधी मलाच वाटतं, असेल माझा हात थंड."

हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. अन्याय करणाऱ्याशी भांडता येतं. तो सोसणाऱ्यालाच पटला, तर कोणाशी भांडायचं?

शनिवारी काका म्हणाले, "यल्ला (चला), समताला समुद्र दाखवू." काकांना उम्म अल कुवैनला एका मित्राकडे जायचंच होतं. शारजा मागे पडलं तशी गर्दी विरळ झाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबूस वाळू, मधूनच एखादं घाफचं झाड (आपल्या शमीच्या कुळातलं, वाळूत तग धरणारं), त्याच्या सावलीत गप्प उभे उंट. एका टपरीपाशी काकांनी गाडीचा हॉर्न वाजवला आणि माणूस करक (वेलचीचा दाट, उकळलेला चहा) गाडीतच घेऊन आला. "दोन दिरहम. म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये," काका मोठ्याने म्हणाले. मावशी म्हणाली, "तीस वर्षं झाली इथे राहून, अजून रुपयात पितात."

उम्म अल कुवैन मला फार आवडलं. हे शांत किनाऱ्याचं गाव आहे. खाडीत खारफुटी, चिखलात एका पायावर उभे रोहित पक्षी, काठावर उलट्या टाकलेल्या होड्या. त्या काठाजवळच काकांचे मित्र शिरोडकर राहतात. मूळचे वेंगुर्ल्याचे. आधी गोव्याच्या आणि मग परदेशी जहाजांवरच्या कॅसिनोत त्यांनी फाशांचं टेबल सांभाळलं. आता पुढच्या अमिरातीत, रास अल खैमाच्या किनाऱ्यावर, कॅसिनो असलेलं मोठं हॉटेल उभं राहतंय. तिथे काम मिळावं म्हणून हे इथे येऊन बसलेत. बोटात हिऱ्याची अंगठी, अंगात फुलाफुलांचा शर्ट आणि आवाज पलीकडच्या होडीपर्यंत जाणारा.

सुरमईचं जेवण झालं आणि मी त्यांना छेडलं. "काका, कॅसिनो म्हणजे माणसाला सोलायची गिरणी. आकड्यांची मांडणीच मालकाच्या बाजूने असते."

"असताच," ते आनंदाने म्हणाले. "पण बाय माझे, तू गरम टेबल बघितला नाहीस अजून. एकदा एक म्हातारी आली जहाजावर. फासे सोडीनाच. टाकते, जिंकते, टाकते, जिंकते. बाजूच्या टेबलांवरचे लोक धावत आले. तिच्या हाताला लोक हात लावून जात होते. आणि थंड हात बघायचा तर तोही बघितलाय. माणूस आला की टेबल गारठतं."

"थंड हात," मावशी म्हणाली आणि माझ्याकडे विजयी नजर टाकली.

मला आयतीच संधी मिळाली. मी म्हटलं, "इथेच बघू या. पैसेबिसे काही नको, नुसते फासे टाकू." शिरोडकरांनी लगेच आतून फासे आणले. लाल, काचेसारखे आरपार दिसणारे, वापर संपला म्हणून ओरखडा काढून बाद केलेले. व्हरांड्यात सतरंजी अंथरली. बारकावे सोडून त्यांनी खेळ सोपा केला: दोन्ही फासे भिंतीवर आपटतील असे टाकायचे. पहिल्यांदा दोन्हींची मिळून पडेल ती बेरीज हा आपला आकडा. तो पुन्हा येईपर्यंत टाकत राहायचं आणि आला की नवा आकडा घ्यायचा. पण आपला आकडा यायच्या आत सात पडला की डाव संपला, फासे पुढच्याला.

माझी खात्री होती की सगळ्यांचं सारखंच होईल आणि मावशीचं तोंड बंद होईल.

मावशीने पदर खोचला आणि फासे टाकायला सुरुवात केली. तिचा आकडा येतच राहिला. शिरोडकर उभे राहून टाळ्या वाजवू लागले, काका "वल्ला, वल्ला" (खरंच, शपथेवर) म्हणू लागले. सात यायला इतका वेळ लागला, की मधल्या वेळात चहा येऊन गार झाला.

मग वहिनी बसली. पहिला आकडा पडला आणि लगेच सात. फासे फिरून पुन्हा तिच्याकडे आले, पुन्हा सात. तिसऱ्या खेपेलाही तेच.

वहिनीने फासे सतरंजीवर अगदी हलकेच ठेवले, जणू तेही फुटतील. मी तिची बाजू घ्यायला निघाले होते आणि सगळ्यांसमोर तिच्याविरुद्ध पुरावा उभा करून बसले होते.

मग मी भाषण ठोकलं. म्हटलं, योगायोग असाच गठ्ठ्यागठ्ठ्याने येतो. आलटून पालटून, शिस्तीत येऊ लागलं तर समजा की कोणीतरी मुद्दाम मांडलंय. सात जुळायला सगळ्यात जास्त जोड्या आहेत, म्हणून तो सतत टपलेला असतो. फाशाला मागचं आठवत नाही, हात कोणाचा हेही कळत नाही. शब्द सगळे बरोबर होते, पण ऐकणाऱ्यांना मघाचं दृश्य जास्त खरं वाटत होतं. शिरोडकर म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण आता तू टाक."

मी फासे घेतले. मला वहिनीसाठी, माझ्या म्हणण्यासाठी, काहीतरी चांगलं पडायला हवं होतं. माझा आकडा आला, पुन्हा आला, आणि तळव्यात खरंच ऊब जाणवली.

"आत्या," ईरा म्हणाली, "यू जस्ट ब्ल्यू ऑन देम."

मी फुंकर मारली होती. सगळे खो खो हसले. वहिनीसुद्धा हसली, म्हणून मला ते लागलं नाही.

हसणं ओसरल्यावर मावशीने शिरोडकरांना विचारलं, "मग असा थंड हाताचा माणूस आला, की तुम्ही काय करता? त्याला सोडून पुढच्याला फासे देता?"

शिरोडकरांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "भलतंच काय वहिनी. तसं केलं तर टेबलावर मारामारी होईल. लोक त्याच्या विरुद्ध पैसे लावतात, तोंडावर शिव्या घालतात, उठून दुसऱ्या टेबलावर जातात. पण त्याचा डाव आला की फासे काठीने त्याच्याच पुढे सरकवायचे. त्याला नको असतील तर तो नको म्हणेल. आपण कोण ठरवणार?"

"मागच्या वेळी सगळ्यांना बुडवलं असलं तरी?"

"तरी."

संध्याकाळी आम्ही किनाऱ्याने थोडे पुढे गेलो. रास अल खैमाच्या बाजूला ते हॉटेल दिसतं, समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर. क्रेनच्या माना वाकलेल्या, खाली बसमध्ये चढणाऱ्या कामगारांची रांग. उद्या तिथे माणसं येतील, मालकाच्या बाजूने मांडलेल्या गणिताशी खेळतील, हरतील आणि आपल्याच हाताकडे बघत बसतील. माझा विरोध तसूभरही कमी झालेला नाही. तरी एक गोष्ट मला कबूल करावी लागते. नशिबावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्या त्या टेबलावर एक न्याय आहे, जो माझ्या प्रेमळ मावशीच्या स्वयंपाकघरात नव्हता.

सोमवारी सकाळी माझं परतीचं विमान होतं. बॅग भरत होते तेव्हा आतून मावशीची हाक आली, पण ती मला नव्हती. "राधिका, लेबलं ठेव ती. इकडे ये."

कढईत तूप तापलं होतं. तिळावर थापलेले अनारसे ताटात मांडलेले होते. मावशी कढईसमोरून बाजूला झाली.

"आई, मोठी ऑर्डर आहे," वहिनी म्हणाली. "हसले तर?"

"हसले तर हसू देत. घरी खाऊ. डाव तुझा आहे."

"मी ऑफिसला आज कळवणार होते."

"काय कळवायचं ते तुझं तू ठरव. पण आधी घाणा सोड, तूप जळतंय."

वहिनीने पहिला अनारसा सोडला. तो हसला. तुपात तुकडे तुकडे होऊन पसरला. मावशीने झाऱ्याने तुकडे शांतपणे निथळून काढले, एक माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, "सोड दुसरा."

दुसरा कसा झाला हे मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही त्यावरून वहिनीचा हात मोजाल. तो जाळीदार झाला असता तरी काही सिद्ध झालं नसतं, आणि हसला असता तरीही नाही. वहिनीने ऑफिसला नकार कळवला तो घाणा संपायच्या आधी, पिठाच्या हाताने, फोन कानाखांद्यात धरून. विमानतळावर जाताना काका गाडीत म्हणाले, "तुझ्या भाषणाने काही झालं नाही हं. पण बरं झालं तू आलीस." इतकी मोठी पावती मला कुठल्याही सभेत मिळाली नव्हती.

आता तुमच्याकडे माझं एक काम आहे. तुमच्या घरात, दुकानात, कचेरीत असं एखादं माणूस नक्की असेल, ज्याला काही बिघडलेल्या खेपांवरून तुम्ही बाजूला बसवलंय. या दिवाळीत पहिला घाणा त्याला सोडू द्या. आणि तो सोडत असताना कढईत डोकावू नका.