चार इंच उंच केलेली जीप

एकाच घरात जुनी जीप आणि हुशार नवरा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमची जीप आमच्या लग्नाहून म्हातारी. ती कुठल्याशा लिलावात घेतल्यापासून रुआबांधा वस्तीतल्या आमच्या घरातला प्रत्येक रविवार तिच्या पोटाखाली जातो. म्हणजे हे पोटाखाली आणि मी बाहेर, हातात पान्हे देत उभी.

हे प्लांटमध्ये पंप हाउसच्या मेंटेनन्सला. पंप आणि मोटर समोरासमोर बसवायची, दोघांचे शाफ्ट केसभरही वाकडे राहू द्यायचे नाहीत, हे काम यांनी तीस वर्षं केलं. भिंतीवरची बुद्धाची तसबीर जराशी कलली तरी जेवण सोडून उठतात. हातून वाईट अलाइनमेंट कधी झालं नाही, हे मलाही मान्य आहे. पण त्याचं मला किती ऐकावं लागतं, ते मलाच ठाऊक.

माझी आई देवरीच्या पुढे, महामार्ग सोडून आत एका खेड्यात एकटी राहते. तिचा एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत चालला होता आणि दुर्गच्या डॉक्टरांनी लवकर ऑपरेशन करा म्हणून बजावलं होतं. आई काही केल्या यायला तयार होत नव्हती. दसऱ्याच्या सुटीत कशीबशी कबूल झाली, तर तिच्या गावाआधीच्या नाल्यातून परत येताना जीपचं पोट दगडावर बसलं. दोन तास आम्ही तिरपे बसून होतो. ट्रॅक्टरनं ओढून काढल्यावर आई उतरली, पिशवी उचलली आणि घराकडे चालू लागली.

"पोट घासत नाही अशी गाडी आना," जाता जाता म्हणाली. "तेव्हा येतो मी."

यांनी ते मनावर घेतलं. चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत जास्तीचे पाटे घातले, कमान जिथं टांगलेली असते तिथले शॅकल लांब केले आणि जीप चार इंच वर उचलली. गल्लीतले लोक बघायला आले. दोन दिवस हे अंगणात उगाचच फेऱ्या मारत होते. तिसऱ्या दिवशी जीप रस्त्यावर काढली, तर चाळीसच्या पुढे अशी घुमायला लागली की माझ्या बांगड्या आपोआप वाजू लागल्या.

दुर्गच्या मिस्त्रीनं खाली वाकून पाहिलं आणि मला नीट समजावून सांगितलं, कारण हे ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा शाफ्ट आधी जवळजवळ आडवा होता. आता गाडी वर गेली, चाकं तिथंच राहिली, म्हणून तो शिडीसारखा तिरपा झाला. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉसचे सांधे असतात, ते आता जास्त वाकून फिरतात आणि लवकर खलास होतात. शिवाय शाफ्ट तोकडा पडला. त्याचे दोन तुकडे रेडिओच्या एरियलसारखे एकमेकांत सरकतात, ते आता जेमतेम दोन बोटं एकमेकांत उरले होते.

"शाफ्ट लंबा कराओ, गिअरबॉक्स थोडा नीचे लो," मिस्त्री म्हणाला. "और दोनों तरफ का मोड बराबर रखना, साहब. एक तरफ सीधा मत कर देना."

एवढ्यानं यांचा अपमान झाला. जीपच्या पुढच्या चाकांना ताकद नेणारा वेगळा शाफ्ट असतो, तो तेवढा मिस्त्रीला त्याच्या पद्धतीनं करू दिला, आणि मागच्याला हात लावायला मनाई.

"तीस वर्षं अलाइनमेंट करून राहिलो मी," घरी येईपर्यंत चालूच. "हा मले शिकवते? वाकडं ठेवा म्हनते. वाकडं ठेवलं तर हलनारच ना?"

मग यांनी लेथवाल्याकडून पाचरी करून आणल्या. त्या कमानीखाली घालून मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या एक्सलचं तोंड वर वळवलं, इतकं की ते बरोबर शाफ्टच्या रेषेत आलं. मागचा सांधा एकदम सरळ. डायल गेज लावून मला दाखवलं. मी म्हटलं छान. रस्त्यावर जीप पहिल्यापेक्षा दुप्पट हलली.

मी शाळेत गणित शिकवते. हिंदीत शिकवते, पण शिकले ते गावाकडं मराठीत, आणि समांतर रेषा म्हटलं की आजही मला व्युत्क्रम कोनच आठवतात. त्या रात्री वहीवर आकृती काढली तेव्हा मिस्त्रीचं म्हणणं मला लख्ख दिसलं. सांधा वाकून फिरला की शाफ्ट एका फेरीत जरा पळतो, जरा अडखळतो. दुसरा सांधाही तेवढाच वाकलेला असेल तर तो हे अडखळणं भरून काढतो. गिअरबॉक्स आणि एक्सल समांतर ठेवले की दोन्ही कोन आपोआप सारखे होतात. यांनी एकच सरळ केला होता, म्हणजे दुसऱ्याचं अडखळणं भरून काढायला कोणी उरलंच नव्हतं. बाजेची दोन टोकं धरून जिना उतरताना एकानं वाकावं आणि दुसऱ्यानं ताठ उभं राहावं, तसं.

मी वही पुढे केली.

"पुस्तकातलं आहे हे," हे म्हणाले.

"मंग जीप कावून हलून राहिली?"

"पाचर अर्ध्या डिग्रीनं कमी पडून राहिली."

अर्ध्या डिग्रीसाठी एक रविवार. मग क्रॉस बदलायला एक रविवार. मग शाफ्टचं वजन एका बाजूला जास्त असेल म्हणून एक. शाफ्ट लांब करायचं काम मागेच पडलं, कारण आधी हलणं थांबलं पाहिजे हा यांचा हट्ट. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकलली. दुसऱ्याची गाडी घेऊन जाऊ म्हटलं तर, "नाल्यातून आपलीच जाईल." हे खरं होतं, म्हणून माझा राग आणखीच वाढायचा. आईला फोन केला की ती म्हणायची, काही घाई नाही, मी ठीक आहे. तिनं ठीक आहे म्हटलं की मी फोन ठेवून यांच्याशी भांडायला मोकळी व्हायची. आमचा आवाज पार पलीकडच्या नेहरू नगरपर्यंत जात असेल.

शेवटी मार्चमधल्या तारखेला मी निक्षून सांगितलं, हलो नाहीतर पडो, जायचं. राजनांदगाव मागे पडेपर्यंत दातावर दात आपटत होते.

नाल्यात जीप खरंच कुठं घासली नाही. दगड खालून निघून गेले. मागचं चाक मात्र खड्ड्यात लोंबलं, एक्सल खाली गेला आणि ते दोन बोटं अडकलेले तुकडे एकमेकांतून निसटले. शाफ्टचं टोक दगडांवर आपटायला लागलं. हे गाडीखाली गेले, बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा खोललेला मागचा शाफ्ट हातात होता. तो त्यांनी मागे टाकला, पुढच्या चाकांचा गिअर टाकला, आणि फक्त पुढच्या चाकांवर जीप नाल्याबाहेर निघाली. आवाज नाही, थरथर नाही. मिस्त्रीनं केलेला तेवढाच शाफ्ट चालत होता. मी ते बोलून दाखवायचं सोडून दिलं, आईचं घर जवळ आलं होतं.

आई दारातच बसली होती. पांढरं पातळ, बाजूला बांधलेली पिशवी. जीपचा आवाज ऐकून उठली आणि भिंतीला हात लावत लावत अंगणात आली.

"आज नाही घासली, जवाईबापू," म्हणाली. तिला आनंद झाला होता.

यांनी दार उघडलं. आईनं जीपची कड हातानं चाचपली आणि चढायला पाय उचलला, नेहमीच्याच उंचीवर. पाय हवेत राहिला. तो पायरी शोधत होता, आणि पायरी तिच्या डोळ्यांसमोर वर होती.

"पायरी काढली का?" आईनं विचारलं.

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. यांना माझ्याआधी कळलं. हे धुळीत गुडघ्यावर बसले, तिचा पाय धरून आपल्या मांडीवर ठेवला आणि तिला वर चढवलं.

"गाडी उंच केली, आई," हे म्हणाले. "चार महिने झाले."

आईनं पिशवी मांडीवर घेतली.

"मले कसं दिसन," ती म्हणाली. "दिसनं बंद होऊन तीन झाले."

"आई, फोनवर कावून नाही सांगतलं?" माझा आवाज चढला.

"तुमी दोघं आधीच भांडून राहिले होते," आई म्हणाली. "त्यात मी अजून कायले पडू."

मी मागच्या शाफ्टवर पाय ठेवून तिच्यामागे बसले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. यांनी जीप चालू केली.