थोरलीचे राहिलेले अकरा भाग

बाबांचा फोन आला तेव्हा मी साकीनाक्याच्या ऑफिसात होते. मंगळवार होता, दुपारचे साडेबारा वाजले होते. "आत्या गेली," एवढंच ते म्हणाले. मी "बरं" म्हणाले. हातातली मेल पूर्ण केली, पाठवली, न उघडलेला डबा बॅगेत टाकला आणि मॅनेजरला सांगून खाली उतरले. रिक्षात बसल्यावर मनात जे पहिल्यांदा आलं ते लिहायची लाज वाटते, पण आत्याबद्दल लिहायचं तर काही गाळून चालणार नाही. मनात आलं, अजून अकरा भाग राहिलेत.

कुंदाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. घाटकोपरला भटवाडीत, आजोबांनी गिरणीत असताना घेतलेल्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत ती जन्मभर राहिली. बाबा लग्नानंतर मुलुंडला गेले, उदयकाका बोरिवलीला. आजीला अर्धांगवायू झाला आणि ती अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं आत्याने केलं. मग आजोबांचं केलं. लग्न केलं नाही. साड्यांना फॉल लावून द्यायचं काम ती करायची, तेही हाताने. खिडकीपाशी एक बुटका पाट, शेजारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दोऱ्याची रिळं आणि मांडीवर कुणाची तरी साडी... लहानपणापासून मी तिला अशीच पाहिली. तिच्याशी फार बोलल्याचं मात्र आठवत नाही. मी कुणाशीच फार बोलायचे नाही.

चार वर्षांपूर्वी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि सोबतीला मला पाठवलं गेलं. घरून काम होतं, मी रिकामी दिसत होते. दोन आठवडे तिला सुई धरायची नव्हती आणि त्यामुळे ती अगदी कावली होती. एका दुपारी मी कानात इअरफोन घालून मोबाइलवर एक चिनी ऐतिहासिक मालिका बघत बसले होते. समोर काळा चष्मा लावून आत्या. तिने माझ्या कानातला एक इअरफोन ओढून काढला.

"काय बघतेस गो? रडतेय ती."

"काही नाही. चायनीज आहे. तुला नाही कळणार."

"तुका चायनीज येता?"

"नाही. खाली इंग्लिशमध्ये येतं."

"मग माका मराठीत सांग. हयसर मोठ्या टीव्हीवर लाव."

असं ते सुरू झालं. खालची इंग्रजी अक्षरं मी वाचायची आणि आत्याला मराठीत सांगायचं. माझं मराठी तेव्हा फार अडखळायचं, मुलुंडच्या इंग्रजी शाळेत आम्हाला ते एका तासापुरतं भेटायचं. मी शब्द शोधत बसले की रिमोट हातात धरून आत्या चित्र थांबवायची. पाऊण तासाचा भाग दीड तास चालायचा. ऑपरेशनच्या दिवसांत तिला रिमोटवरची बटणं दिसत नव्हती. डोळे बरे झाल्यावर तिने पहिलं शिवण केलं ते रिमोटचं कव्हर, उरलेल्या फॉलच्या जांभळ्या कापडाचं. चित्र थांबवायच्या बटणावर बोट न बघता जावं म्हणून तिथे लाल दोऱ्याची जाडशी गाठ मारून ठेवली.

पुढे दर शनिवारी एक भाग, हा आमचा नेम झाला. ती चिनी नावं तिच्या तोंडात बसत नव्हती, म्हणून आम्ही सगळ्यांचं बारसं केलं. शेवटच्या मालिकेतली घराची मोठी मुलगी ती थोरली. आजी ती खाष्ट. सैन्यातून परत आलेला थोरलीचा होणारा नवरा तो शिपाई. थोरलीचे वडील राजाच्या कैदेत मरतात, आई आधीच गेलेली. लग्न पुढे ढकलून ती धाकट्या भावंडांना वाढवते, घराच्या किल्ल्या कमरेला लावते आणि बाहेरच्यांना घरात पाय ठेवू देत नाही. आत्याचं लक्ष आधी कपड्यांकडे जायचं. "एवढ्या लांब बाह्या घालून ही भाकरी कशी थापत असेल?" मग पुढे वाकून, "हे भरतकाम मशीनचं आहे. त्या काळात मशीन कुठलं आलं? फसवतायत आपल्याला."

मला थोरलीचा राग यायचा. तिने जावं निघून, असं वाटायचं. शिपाई दारात उभा आहे, घोडा उभा आहे, जा ना! एकदा मी तसं म्हटलंही. आत्याने चित्र थांबवलं.

"का जाईल? तिका जायचा नाय."

"अगं, पण तिला अडकवून ठेवलंय सगळ्यांनी."

"कोणी अडकवलंय? दार उघडं आहे." तिने दोरा दाताने तोडला. "मलाही कोणी बांधून नव्हतं घातलं. कणकवलीचं स्थळ होतं. मुलगा चांगला होता, बोलायचाही छान. मीच नको म्हटलं. आईला उचलून बसवायचं तर ते माझ्याच हाताने बसायचं, दुसऱ्याने धरलं की ओरडायची ती. केलं त्याचं मला काही नाही. पण मग सगळ्यांनी असं धरून चाललं की कुंदा म्हणजे घरातलं कपाट. राहणारच, जाणार कुठे... त्याचा राग आहे." आणि तिने बटण दाबलं. "हां, बोल पुढे. काय म्हणते खाष्ट?"

मी तोवर समजत होते, घरात सगळेच समजत होते, की आत्याचं आयुष्य तिच्यावर येऊन पडलं. तिने ते निवडलं होतं, हे त्या शनिवारी कळलं.

मागच्या वर्षी तिची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. जागा अजून आजोबांच्या नावावर होती आणि वारसांचे कागद करायचे होते. आमच्या मुलुंडच्या घरी बाबा आणि उदयकाका दार लावून बोलायचे. मी आतल्या खोलीत असायचे आणि मला ऐकू यायचं. आत्याकडून हक्कसोड करून घ्यायची, म्हणजे तिने आपला हिस्सा दोन भावांना लिहून द्यायचा. तिला मूलबाळ नाही, पुढे गुंतागुंत नको, शिवाय आपण काय तिला बाहेर काढणार आहोत का... असं ते एकमेकांना समजावत होते. मी कुणाला काही बोलले नाही.

त्याच सुमारास मालिकेत तो भाग आला. घरातले काका जमतात आणि खाष्ट थोरलीला म्हणते, तू मुलगी आहेस, वंशावळीच्या पुस्तकात तुझं नाव नाही, ज्या घरात तुझं नाव नाही त्या घराच्या किल्ल्या कसल्या मागतेस. खाली इंग्रजी अक्षरं सरकत होती आणि माझ्या तोंडून ते निघेना. मी सांगितलं, "ती म्हणते, खूप केलंस बाळा, दमलीस, आता आराम कर." वाटलं, जमलं.

आत्याने चित्र थांबवलं. पडद्यावर खाष्टचं तोंड मोठं होऊन थांबलं होतं.

"ह्या तोंड बघ. आराम कर म्हणणारा तोंड आसा ह्या?"

मी खाली बघितलं.

"काय म्हणाली ती?"

मग मी सगळं सांगितलं. वंशावळीचं, नावाचं, किल्ल्यांचं. आत्याने मान हलवली, जणू तिला ठाऊकच होतं. आवाज चढवला नाही. "याआधी किती वेळा केलंस असं?"

"दोन... तीनदा."

"परत करू नको. मला काय सोसतं, ते मी बघेन. माझ्या कानांवर काय पडावं ते तू ठरवू नको. एवढं मी आईचंही ऐकलं नाही, तुझं कशाला ऐकू?" आणि मग हसली. "चल, मागे ने. पहिल्यापासून सांग, खाष्टसारखं सांग."

मी खाष्टच्या आवाजात सांगितलं. ते माझ्या आयुष्यातलं पहिलं नाटक. थोरली रडली नाही. ती म्हणाली, आणा ते पुस्तक, आणि लिहा माझं नाव. काकांनी नकार दिला. तो भाग तिथेच संपला.

दोन आठवड्यांनी आत्याच्या घरी सगळे जमले. कागद वकिलांनी इंग्रजीत केला होता. तिकडे जाताना गाडीत बाबा मला म्हणाले, "ती तुझं ऐकते. थोडक्यात सांग, फार खोलात जाऊ नकोस. सही कुठे करायची तेवढं दाखव." बाबा वाईट माणूस नाहीत. हेही गाळायचं नाही. त्यांना खरंच वाटत होतं की न सांगणं म्हणजे जपणं. मलाही ते घरातूनच आलं होतं.

आत्याने चहा केला, पाटावर बसली आणि कागद माझ्या हातात दिला. "वाच. आपल्या शनिवारसारखा."

काकू, काका, बाबा... सगळे माझ्याकडे बघत होते. पाचसहा माणसांसमोर मी तोवर कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. कागदात लिहिलं होतं, मी स्वखुशीने, कुणाच्याही दबावाशिवाय माझा संपूर्ण हक्क दोन्ही भावांच्या नावे कायमचा सोडत आहे. बाबा हळूच म्हणाले, "अगं, थोडक्यात..." मी थांबले नाही. यापुढे माझा या जागेशी कोणताही संबंध उरणार नाही, आणि नव्या इमारतीतल्या जागेवरही मी किंवा माझ्या वतीने कुणी दावा सांगणार नाही.

"थांब," आत्या म्हणाली. चित्र थांबवताना म्हणायची तशीच. "शेवटचं परत वाच."

मी परत वाचलं.

"उदय, हे तू लिहिलंस?"

"वकिलांनी लिहिलंय गो ताई. भाषा अशीच असते त्यांची. तुला कोण जा म्हणतंय?"

"कागद म्हणतोय की." तिने कागद घेतला, नीट घडी घातली आणि काकाच्या हातात दिला. "तिघांची नावं घाल आणि आण. पहिलं माझं, मी मोठी. मग सही कुठे करायची ते मला कोणी दाखवायला नको."

काकाने तेव्हा कागद खिशात घातला, पण त्या वर्षी आत्याकडच्या गणपतीला तो आला नाही. चतुर्थीला मी तिथे होते. आत्याने नेहमीसारखे एक्कावन्न मोदक केले, अकरा वेगळे काढून डब्यात भरले आणि मला म्हणाली, "बोरिवलीला पोचव. थंड होऊ देऊ नको." मी म्हटलं, तो तुझ्याशी बोलत नाही आणि तू मोदक पाठवतेस? "तो बोलत नाय ता तेचा. मोदक माझे." काकाने दार उघडलं, डबा घेतला आणि दारातच उभ्याने एक मोदक खाल्ला. पुढच्या महिन्यात तीन नावांचा कागद आला. तोही मी पूर्ण वाचला, आणि मगच आत्याने सही केली. त्या दिवशी तिने पेंटर बोलावून दारावरच्या पाटीवर आजोबांच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहून घेतलं. पेंटरने विचारलं, बारीक अक्षरात लिहू? "का? पाटी लहान पडते?" ती म्हणाली.

त्या मंगळवारी सकाळी ती पाटावरच गेली. शेजारच्या सावंतकाकू दूध द्यायला आल्या तेव्हा मांडीवर साडी होती आणि सुई कापडात टोचलेली होती. फॉल अर्ध्याच्या पुढे झाला होता. तेराव्यानंतर साडीवाली बाई चौकशीला आली तेव्हा मी तिला चार दिवस थांबायला सांगितलं. तुरपाई मला आत्यानेच शिकवली होती. माझे टाके तिच्या टाक्यांइतके बारीक नाहीत, कुठे तिचं संपतं आणि माझं सुरू होतं ते उलट्या बाजूने सरळ दिसतं. बाईला मी तसं सांगून साडी दिली.

पुढच्या महिन्यात जागा रिकामी करायची आहे. गेल्या रविवारी काका आणि बाबा भांडी बांधत होते. काकाने दारावरची पाटी काढली, फडक्याने पुसली आणि जरा घुटमळून म्हणाला, "आता नवीन पाटी करू. आपल्या दोघांच्या नावाची."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "काका, नव्या दारावर हीच लागेल. तुमची दोन नावं खाली घाला, जागा आहे." माझा आवाज जरा चढला असावा, कारण सावंतकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकाने पाटी बराच वेळ हातात धरली. मग वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे दिली. "तूच ठेव मग. हरवू नको," तो म्हणाला.

टीव्ही मी शेवटी न्यायचा ठरवलाय. शनिवारी ऑफिसातून सुटले की मी अजून भटवाडीला जाते. थोरलीचं नाव त्या पुस्तकात लिहितात की नाही, हे इंटरनेटवर एका मिनिटात कळेल. मी शोधलेलं नाही. पाट रिकामा आहे, त्याच्या शेजारी मी खाली बसते आणि मालिका लावते. काल पहिला राहिलेला भाग बघितला. खाष्ट आजारी पडलीय, थोरली तिला भरवतेय आणि खाष्ट भरवून घेताघेताही टोचून बोलतेय. खूप वाईट बोलते ती... कव्हरावरच्या लाल गाठीवर अंगठा ठेवून मी चित्र थांबवलं आणि रिकाम्या खोलीत ते सगळं मराठीत मोठ्याने सांगितलं, खाष्टच्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग पुढे चालू केलं. अजून दहा आहेत.