मुद्देमाल घाटात पळतो

ती घटना आठवली की आजही हसू येतं, आणि गणवेशात असताना ते दाबायला किती कष्ट पडले तेही आठवतं.

लोणीच्या एका मावशींचा शर्यतीचा बैल गोठ्यातून चोरीला गेला. वासरू असल्यापासून त्यांनीच वाढवलेला, डाव्या शिंगाचं टोक तुटलेला. वरच्या न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना मोकळीक दिल्यापासून आमच्या जुन्नर-आंबेगावात अशा बैलाला पुढाऱ्यापेक्षा जास्त मान आहे, आणि तो बहुधा जास्त रास्तही असावा. आम्ही गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, बाजार पालथे घातले. बैल मिळेना.

मग ठाण्यात निनावी फोन आला. "सायेब, कळंबच्या रोडला फ्लेक्स लागलाय. त्यातला गॉगलवाला बघू नका, बैल बघा."

फ्लेक्सवर गॉगल आणि सोनसाखळी घातलेला इसम, भोवती शुभेच्छुकांची गर्दी आणि मधोमध मावशींचा बैल, तुटक्या शिंगासकट. वर ठळक अक्षरांत 'नवीन खरेदी'.

इसमाला बोलावून चहा दिला. दमदाटी केली की फक्त वकील बोलतो, चहा दिला की माणूस बोलतो.

"बैल कुठला?"

"घरचाच हाय साहेब. आमच्या गोठ्यात जल्मला."

"मग फ्लेक्सवर नवीन खरेदी कशी?"

"ते छापणाऱ्यानं टाकलं."

"बरं. छापणाऱ्याला बोलावू?"

कप रिकामा झाला होता, तरी तो पीत राहिला. "चुकलं साहेब. पण राव, असला बैल दावणीला आणायचा आन् कुणाला दाखवायचा न्हाई, हे जमतंय व्हय?"

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यानं सांगितलेल्या जागी, घाटघरला मेव्हण्याच्या गोठ्यात, बैल सापडला. ते टिकतं.

खरी अडचण पुढेच होती. बैल आता मुद्देमाल झाला. ठाण्याच्या आवारात जप्त मोटारसायकलींच्या रांगेत तो बांधला गेला. हवालदार कडबा आणायचे, पण तो तोंड लावीना. मावशी रोज यायच्या. "केस संपस्तोवर हितंच का? तवर त्यो म्हातारा व्हईल, सायेब." गावची यात्रा आणि तिच्यातली शर्यत तोंडावर आली होती.

त्यांनी ताब्यासाठी न्यायालयात अर्ज केला. आरोपीच्या वकिलांनी घसा खाकरून, जणू संविधान धोक्यात आहे अशा आवाजात सांगितलं, की शर्यतीत बैल पडला तर पुरावा नष्ट होईल. शिवाय माल परत नेताना सही करायच्या हमीपत्रात छापील अट असते: मालाच्या स्वरूपात बदल करणार नाही.

मावशींनी हळूच विचारलं, "शिंगं रंगवली तर चालंल का?"

न्यायाधीश मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आदेश दिला, की जप्त माल विनाकारण ठाण्यात पडू देऊ नये हे वरच्या न्यायालयानं पूर्वीच सांगितलं आहे. बैलाचे फोटो काढून तो परत द्यावा. शर्यत कायद्याच्या अटींत असेल आणि पशुवैद्यकांनी बैल तपासला असेल, तर पळणं हा त्याच्या स्वरूपातला बदल नव्हे. खुंट्याला बांधून ठेवणं हा मात्र आहे.

मोठे निकाल वर्तमानपत्रांत गाजतात, पण माणसाच्या गोठ्यापर्यंत ते असे तालुक्याच्या न्यायालयातून पोचतात. तो आदेश मी उरलेल्या नोकरीत वापरला. आवारात गंजणाऱ्या गाड्यांच्या मालकांना मी स्वतःच निरोप धाडू लागलो: अर्ज करा, न्या.

यात्रेत मी घाटावर, म्हणजे शर्यतीच्या चढत्या धावपट्टीवर, बंदोबस्ताला होतो. मी नको म्हणत असतानाही आयोजकांनी माझा सत्कार केला. मावशींच्या गाड्याची बारी आली तसा भोंग्यावरून निवेदक ओरडला, "मंडळी, घाट मोकळा करा. कोर्टाचा मुद्देमाल येतोय. वकीलसाहेब, जरा मागं सरा!"

गाडा धुरळा उडवत वर गेला. थोड्या वेळानं मावशी बैलाला घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "बघून घ्या सायेब. सोरूपात बदल न्हाई ना?"

बदल होता. ठाण्यात ज्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तो माझ्या गळ्यातला सत्काराचा हार खात होता. हाराचा इतका चांगला उपयोग मी आधी पाहिला नव्हता. न्यायालयाला काही कळवलं नाही.