टॉवेलातला केस

कडकताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. स्वभावानंही ती कडक नव्हती. समोरच्यानं जरा आवाज चढवला की आपणच दोन पावलं मागं सरणारी. हे नाव पडलं ते चादरींमुळं. एका मोठ्या हॉटेलात ती एकोणीस वर्षं खोल्या आवरत होती, आणि तिनं घातलेली चादर अशी ताणून बसायची की सुपरवायझर नव्या मुलींना तिच्या खोल्यांमध्ये नेऊन पलंग दाखवायचा. "बघून घ्या. याला म्हणतात कडक!" तेव्हापासून ती सगळ्यांची कडकताई झाली.

इतकी वर्षं लोकांची अंथरुणं घातली, पण स्वतः तिनं कुठल्या हॉटेलात कधी पाठ टेकली नव्हती. ती वेळ आली मोठीमुळं. मोठी म्हणजे तिची सतरा वर्षांची मुलगी. इमारतींचे आराखडे काढायला शिकवणाऱ्या एका कॉलेजानं तिला मुलाखतीला बोलावलं होतं, आणि ते कॉलेज होतं दूरच्या शहरात. नवरा बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होता; त्याची रजा साठून पडली होती. धाकटा चौदा वर्षांचा. त्याला घरी एकटं ठेवलं असतं तर परत येईपर्यंत घरात दाणा उरला नसता. शिवाय चौघांनी मिळून कुठं जाणं असं कधी झालंच नव्हतं.

"राहायचं तू ठरव," नवरा म्हणाला. "त्यातलं आम्हाला काय कळतंय?"

कडकताईला मनातून फार बरं वाटलं. घरात कुणी तिला कशातलं कळतं असं म्हणत नसे. तिनं वही काढली, मोठीकडून स्वस्तातल्या सात हॉटेलांचे नंबर लिहून घेतले, आणि दोन संध्याकाळी फोनला चिकटून बसली. तिचे प्रश्न ऐकून पलीकडची माणसं गडबडायची. फॅमिली रूम म्हणता, म्हणजे पलंग किती आणि जमिनीवरच्या गाद्या किती? बाथरूमची कडी आतून नीट लागते ना? घरात वयात आलेली मुलगी आहे. गरम पाणी सगळ्यांना एकदम येतं की पहिल्या दोघांतच संपतं? मुलाचं वय चौदा, पण उंची बापाएवढी. त्याचे पाय गादीबाहेर लोंबणार नाहीत ना?

"बाई, तुम्ही राहायला येताय की तपासणीला?" एकानं वैतागून विचारलं.

पाच हॉटेलं अशी गळाली. सहावं कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, फोनवरचा मॅनेजर गोड बोलत होता आणि भाडं आवाक्यातलं होतं. तिनं तेच पक्कं केलं. "माझ्यावर सोडा," ती मुलांना म्हणाली. "खोलीत पाऊल टाकल्यावर म्हणाल, आई, मानलं तुला."

खोलीत पाऊल टाकलं तेव्हा कुणी काहीच म्हणालं नाही. खोली लिफ्टला लागून होती आणि दर दोन मिनिटांनी भिंत गुरगुरत होती. एक डबल बेड, आणि तो व बाथरूम यांच्या मधल्या पट्टीत दोन गाद्या अशा ठेवल्या होत्या की बाथरूमला जायचं तर त्यांच्यावरून उडी मारूनच. मात्र खोली स्वच्छ होती. नळ चकचकीत, आरशावर डाग नाही, टॉवेलांच्या कडा एका रेषेत. कडकताईच्या नजरेनं ते लगेच टिपलं.

मोठी आपली पिशवी मांडीवर घेऊन पलंगाच्या टोकाला बसली. "आई, उद्या मुलाखत आहे. मी तयारी कुठं करू? बाबा घोरणार, हा रात्रभर लाथा झाडणार, आणि कपडे बदलायचे तर तुम्हा सगळ्यांना बाहेर काढायचं?"

"तू तर म्हणालीस तुला यातलं सगळं कळतं," धाकटा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, पण तिला तो लागलाच.

"असू दे रे, दोन दिवसांचा तर प्रश्न," नवरा म्हणाला आणि दोघांना घेऊन चहा कुठं मिळतो ते बघायला खाली गेला.

कडकताई एकटी उरली. हाताला चाळा म्हणून तिनं पलंगाची सैल वाटलेली चादर ओढून पुन्हा खोचली. मग तशीच उभी राहिली. असल्या वेळी काय करतात ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या हॉटेलात पाहुण्यानं टॉवेलात केस सापडल्याची तक्रार केली की मॅनेजर हात जोडतो आणि मोठी खोली देतो. काही पाहुणे केस घरूनच आणतात, असं तिच्याबरोबरच्या बायका हसून म्हणायच्या.

मोठीचा कंगवा पिशवीच्या वरच्या कप्प्यात होता. तिनं त्यातला एक लांब केस ओढून काढला, घडी केलेला पांढरा टॉवेल उघडला, केस आत ठेवला, आणि घडी पुन्हा होती तशी घातली. हात जराही कापला नाही. याचंच तिला पुढं जास्त वाटत राहिलं.

सगळे परत आल्यावर तिनं टॉवेल उलगडला आणि "अगं बाई!" म्हणाली. मग फोन उचलून, आयुष्यात कधी कुणाशी बोलली नव्हती अशा आवाजात, मॅनेजरला वर बोलावलं. तो धावत आला. टॉवेल बघून त्याचा चेहरा उतरला. तो दारातूनच ओरडला, "मावशींना बोलवा!"

त्या मजल्यावरच्या खोल्या आवरणाऱ्या मावशी आल्या. पंचावन्नच्या असाव्यात. जाड चष्मा, डोक्याला घट्ट बांधलेला पांढरा रुमाल, त्यातून एक केससुद्धा बाहेर नाही. मॅनेजरनं टॉवेल त्यांच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे? माफी मागा मॅडमची."

मावशींनी टॉवेलाकडं बघितलं, मग मोठीच्या लांब वेणीकडं, मग कडकताईकडं. "चूक झाली मॅडम. माफ करा," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

अर्ध्या तासात त्यांना वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मिळाली, त्याच भाड्यात. दोन खोल्या, मधे दार, मोठीला टेबल आणि दिवा. धाकट्यानं पलंगावर उडी मारली. नवरा कौतुकानं म्हणाला, "काय ठणकावलंस गं त्याला! मला वाटायचं तुला तोंडच नाही." मोठीनं तर चक्क गळ्यात हात टाकले. कडकताई हसली, आणि रात्री जेवताना तिनं आपलं ताट धाकट्यापुढं सरकवलं.

सकाळी नवरा दोन्ही मुलांना घेऊन कॉलेजला गेला. डोकं दुखतंय असं सांगून ती मागं राहिली आणि जिन्यानं खालच्या मजल्यावर उतरली. लिफ्टजवळच्या त्या खोलीचं दार उघडं होतं. मावशी पलंगाशी वाकून उभ्या होत्या.

"ही चादर तुम्ही पुन्हा खोचलीत ना?" त्यांनी मागं न बघताच विचारलं. "माझी अशी बसत नाही. हे धंद्यातल्या बाईचं काम आहे. कुठं असता?"

खोटं बोलायची सोयच नव्हती. तिनं हॉटेलचं नाव सांगितलं.

"किती वर्षं?"

"एकोणीस."

"मला सव्वीस." मावशी सरळ उभ्या राहिल्या. "मी प्रत्येक टॉवेल दोनदा झटकते, बाई."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे, तरी?"

कडकताईची कानशिलं तापली. "मुलीची मुलाखत होती. तिला जरा मोठी खोली..."

"मग मागायची होती! आठवडाभर रिकामी पडलीय ती. मला म्हणाला असतात तर मीच खाली शब्द टाकला असता." मावशींचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं, असं तिला वाटलं. "उद्यापासून मला तळघरात टाकलंय. कपडे धुवायला. तिथल्या वाफेनं मला दम लागतो, हे मॅनेजरला माहीत आहे. बाहेरच्या पाहुण्यानं केलं असतं तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि विसरले असते. पण तुम्ही?"

कडकताईनं घाईघाईनं पर्स उघडली आणि हाताला लागल्या त्या नोटा पुढं केल्या. मावशींनी त्यांच्याकडं असं बघितलं की तिनं हात आपोआप मागं घेतला.

"हे नको. खाली जाऊन त्याला खरं सांगा."

"सांगते. पण मुलांच्या समोर नको..."

"मी मुलांच्या समोरच माफी मागितली, बाई," मावशी म्हणाल्या आणि उशीला अभ्रा घालू लागल्या.

त्या दुपारी कडकताई दोनदा खाली गेली. पहिल्यांदा मॅनेजरला तिनं गरम पाण्याची वेळ विचारली. दुसऱ्यांदा कॉलेजचा रस्ता विचारला, जो तिला पाठ होता. मॅनेजर दोन्ही वेळा उठून उभा राहिला, आणि दोन्ही वेळा ती "बरं" म्हणून वर परतली.

चार वाजता तिघं परत आले ते हसतच. मुलाखत छान झाली होती. "आई, तुझ्यामुळं," मोठी म्हणाली. "शांत बसून तयारी करता आली म्हणून." हे ऐकून कडकताईला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. तिनं ठरवलं की राहू दे, उद्या निघताना मॅनेजरच्या कानात सांगू. आणि ठरवताक्षणी तिला कळलं की उद्याही आपण सांगणार नाही.

संध्याकाळी जेवायला बाहेर पडताना मॅनेजरनं काउंटरमागून विचारलं, "मॅडम, खोली आवडली ना?"

ती थांबली. मुलं दारापर्यंत पोचली होती, तीही थांबली.

"त्या मावशींना तळघरात पाठवू नका," ती म्हणाली. "त्यांची चूक नाही."

"तुमचं मन मोठं आहे मॅडम. पण शिस्त..."

"मन मोठं नाही हो. तो केस माझ्या मुलीचा होता. मी तिच्या कंगव्यातून काढून टॉवेलात ठेवला. मोठी खोली मिळावी म्हणून."

मॅनेजरच्या चेहऱ्यावरचं हसू टप्प्याटप्प्यानं गेलं. नवरा तिच्याकडं बघतच राहिला. मोठीचा हात नकळत वेणीकडं गेला. धाकटा फोनमध्ये बघू लागला. फोन बंद होता.

"म्हणजे ठरवून केलंत?" मॅनेजरनं विचारलं. आता मॅडम वगैरे काही नव्हतं.

"हो. आमची आधीची खोली परत द्या. आणि मावशींचं जे काही लिहिलं असेल ते माझ्यासमोर खोडा."

त्यानं वही काढून एक ओळ खोडली. मग जेवायला जायचं सोडून चौघांनी वर जाऊन सामान आवरलं आणि जिन्यानं खाली आणलं. लिफ्टमध्ये बसायचं कुणाला सुचलं नाही. त्या खोलीत गाद्या पुन्हा तशाच पसरल्या होत्या. नवरा एवढंच म्हणाला, "मला आधी सांगायचंस." तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

दिवा मालवल्यावर मोठीनं विचारलं, "आई, तुमच्या हॉटेलात असं करतात लोक?"

"करतात."

"मग तू काय करतेस?"

"माफी मागते."

"तुझी चूक नसताना?"

कडकताईनं होकारार्थी मान हलवली. मोठी आणखी काही विचारेल म्हणून ती वाट बघत राहिली, पण मोठीनं गादीवर कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी निघताना मावशी ट्रॉली ढकलत समोरून आल्या. म्हणजे त्या मजल्यावरच होत्या. कडकताई बाजूला सरकली. "येते मी," ती म्हणाली. मावशींनी मान जराशी हलवली. हसल्या नाहीत, थांबल्याही नाहीत. ट्रॉलीवरचे टॉवेल मोजत पुढं गेल्या.

मोठीला त्या कॉलेजात जागा मिळाली. घरी पेढे वाटले, नातेवाईक येऊन गेले, नवऱ्यानं प्रत्येकाला प्रवासाची हकिगत रंगवून सांगितली: गाडीची गर्दी, कॉलेजचा जिना, मुलाखत घेणाऱ्या बाईंचा चष्मा. कुणी मध्येच विचारलंच, "आणि उतरला होतात कुठं?" तर तो क्षणभर अडखळतो आणि म्हणतो, "होतं एक हॉटेल. बरं होतं." त्या वेळी कडकताई कपबशा उचलून आत जाते, त्या रिकाम्या झालेल्या असोत की नसोत.