थोरल्याचे मनगट

माझ्या बहिणीची मुलं जुळी आहेत. जऊळक्याजवळच्या एका खेड्यात ती राहते. नवरा सोयाबीन घेतो. ती विहिरीलगतच्या तुकड्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावते आणि बाजाराला नेते. मुलं सरकारी दवाखान्यात झाली तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात होतो. आधी थोरला झाला. मी चहा पिऊन परत येईपर्यंत धाकटा झाला होता. दोघांच्या वयात फरक आहे तो एवढाच. याला मी साक्षीदार आहे, पण साक्षीला मला कोणी बोलावलं नाही.

दोघं दिसायला सारखी नाहीत. थोरला रुंद हाडाचा, मिसरूड लवकर फुटलेला. धाकटा सडपातळ, आवाज अजून पुरता न बदललेला. कबड्डीत थोरला डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि त्याचा हात धरून शेजारी धाकटा. चढाईवाला आत आला की थोरला घोट्याला झेपावायचा, धाकटा वरून कमरेला मिठी घालायचा. शेलूबाजारपासून केनवडपर्यंतच्या स्पर्धांना आयोजक त्यांना जोडीनेच बोलवायचे.

दोघं नववीत असताना एका व्यावसायिक लीगमधल्या संघाने सतरा वर्षांखालच्या मुलांची तुकडी निवडायला घेतली. मैदानावरच्या चाचणीत दोघंही निवडले गेले. पुण्याजवळ राहणं, शिक्षण, मानधन, पुढे मोठ्या संघाचं दार. उरली होती वयाची तपासणी. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात. वाढीची हाडं जुळून आलेली दिसली, तर मुलगा वयाबाहेर. जन्मदाखला ते ग्राह्य धरत नाहीत, कारण खोटे दाखले फार येतात. हे खरं आहे. त्याच्या बातम्या मीही दिलेल्या आहेत.

निकाल मोबाइलवर आला. धाकटा पात्र. थोरला अपात्र.

स्टेशनजवळच्या हॉटेलात दोन दिवस हाच विषय होता. "काबे, तुमी दोघं एकाच गाडीनं आलते ना?" एकाने थोरल्याला विचारलं. "का तू आधी उतरला अन् थो दोन वर्सं डब्यातच झोपून राह्यला?" सगळे हसले. थोरलाही हसला. मग त्याने त्या हॉटेलात जाणं सोडलं.

भाऊजींनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. "बैल घेताना दात आमीबी पाह्यतो," ते मला म्हणाले. "पन दात पाहून गाईले नाई सांगत, का तू कवा व्याली."

धाकटा शिबिराला गेला. थोरल्यासाठी आम्ही वाशिमला वकिलांकडे गेलो. नियमावलीत लिहिलं होतं, की तपासणीचा निष्कर्ष अंतिम राहील, त्यावर दाद मागता येणार नाही. लीग खासगी कंपनीची, म्हणून वकिलांनी हायकोर्टाऐवजी दिवाणी न्यायालयात दावा टाकायचं ठरवलं. कागद चाळताना त्यांना धाकट्याबद्दल कळलं आणि ते खुर्चीत सरळ झाले.

"जुळे? अहो, हे आधी सांगायचं! त्यांच्याच मशिनीनं एकाला पास केलं, एकाला नापास. याहून दुसरा पुरावा कोणता पाहिजे?"

त्या दिवशी परतताना बहिणीने जीपमध्ये सगळ्यांना पेढे वाटले.

धाकट्याचा मुद्दा दाव्याच्या पहिल्याच पानावर घेतला गेला. काही तारखांनंतर प्रतिवादीचं उत्तर आलं. ते सभ्य भाषेत होतं. वादी शपथेवर सांगतो, की दोघं जुळे आहेत. तसं असेल, तर दोघांपैकी एकाचा निष्कर्ष चुकला, हे आम्हालाही मान्य करावं लागेल. तो धाकट्याचाही असू शकतो. करारातल्या तरतुदीप्रमाणे, वयाबद्दल वाद असलेल्या खेळाडूचा करार चौकशी होईपर्यंत स्थगित ठेवण्याचा आम्हाला अधिकार आहे.

मी ते उत्तर दोनदा वाचलं. त्यात चूक सापडली नाही. आमचाच पुरावा आता धाकट्याविरुद्ध उभा होता, आणि तो आम्ही शपथेवर दिला होता.

घरी मी हे सांगितलं तेव्हा फोनवर धाकटाही होता.

"मी येतो वापस," तो म्हणाला. "मले नाई पाह्यजे थे."

"अबे, येडा हाय का?" थोरला ओरडला. "मंग काय, दोघं मिळून ढोरं चारू का?" फोन त्यानेच बंद केला आणि माझ्याकडे वळला. "मामा, काढून घ्या केस."

मी म्हणालो, घाई करू नकोस, निकाल आपल्या बाजूनेही लागेल.

"कवा लागन?"

मी वकिलांना फोन लावला.

दावा काढून घ्यायलाही अट होती. पुन्हा वाद नको म्हणून समोरच्या वकिलांनी पुरशिसमध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात, एक वाक्य मागितलं: वादीला तपासणीचा निष्कर्ष मान्य आहे.

"दादा, म्हंजे माये पोट्टे जुळे नाईत, असं लिहून द्याचं का आमी?" बहिणीने मला विचारलं.

आमच्या वकिलांनी समजावलं. "ताई, तसं नाही लिहायचं. फक्त निष्कर्ष मान्य आहे, एवढंच."

"मंग थेच तं झालं ना, साहेब."

त्यांनी कागद भाऊजींपुढे सरकवला.

थोरला कायद्याने अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला, म्हणून सही भाऊजींनी केली. मजकूर मान्य आहे का, असं न्यायाधीशांनी विचारल्यावर ते इतक्या हळू 'हो' म्हणाले, की पुन्हा विचारावं लागलं. माझ्या दैनिकाला ही बातमी हवी होती. ती छापली असती तर धाकट्याच्या करारापर्यंत पोचली असती. मी दिली नाही.

पुढच्या हंगामात शाळेच्या संघाची यादी निघाली. त्यात थोरला नव्हता. क्रीडाशिक्षक भला माणूस. घरी येऊन सांगून गेला. "समोरच्या शाळेनं हरकत घेतली, तर मी काय दाखवू? कोर्टात तुम्हीच मान्य करून बसले." गावच्या स्पर्धेत थोरल्याला खुल्या गटात, बाप्यांमध्ये, घेतात. डावा कोपरा त्याचाच असतो. शेजारी कधी ट्रॅक्टरवाला, कधी दूधवाला.

वाढदिवसाला मी गेलो होतो. दरवर्षी बहीण दोन पाट मांडते, आधी थोरल्याला ओवाळते, मग धाकट्याला. यंदाही तिने दोन पाट मांडले आणि एकावर मोबाइल टेकवून ठेवला. पडद्यावर संघाच्या जर्सीत धाकटा, मागे टाळ्या वाजवणारी मुलं.

"ये, बस," तिने थोरल्याला हाक मारली.

तो दारातच उभा राहिला. "आज थ्याचा हाय. माया कवा असते, थे कोर्टाले इचार."

पडद्यावरच्या टाळ्या थांबल्या. "भाऊ, बस ना बे," धाकटा म्हणाला.

थोरल्याने चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. निरांजन तिच्या हातात होतं. थोरल्याच्या आधी धाकट्याला तिने कधी ओवाळलं नव्हतं, आणि फोन चालू होता.