नळाजवळची जागा

एखाद्या ग्रुपमध्ये चार-पाच वर्षं काढली की किस्से साठत जातात, स्वयंपाकघरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे. मुद्दाम कुणी गोळा करत नाही, पण कपाट उघडलं की भसकन अंगावर येतात. परवा इथे इंग्लंडात, स्लाऊला आमच्याकडे चार मित्र जेवायला होते. कुणीतरी सहज विचारलं, “ते तुमचं तंबूचं काय असतं रे दर ऑगस्टमध्ये?” बायको म्हणाली, “झालं! आता भात गार होणार.”

तर ते तंबूचं असं आहे. मिडलंड्समधल्या एका शेतावर दर ऑगस्टमध्ये मध्ययुगीन लोकांचं संमेलन भरतं. म्हणजे एरवी प्लंबर, शिक्षक, अकाउंटंट असलेली माणसं तीन दिवस चिलखतं घालून, तंबू ठोकून, चुलीवर शिजवून राहतात, आणि तिकीट काढून आलेल्या लोकांना जुनं जग दाखवतात. प्रत्येक ग्रुपने आपला काळ आणि आपला देश निवडायचा. आम्ही निवडला आपला!

शेताचा एक तुकडा छान सपाट आहे, पाण्याच्या नळाजवळ. बाकी सगळा उतार. बुकिंग नाही, वशिला नाही. जो आधी येईल त्याची सपाटी. आमचे निम्मे किस्से ह्या एका नळापाशी घडलेले आहेत.

*

ह्या सगळ्याचं खूळ नंदूचं. नंदू मँचेस्टरला एका हॉस्पिटलच्या आयटीमध्ये आहे, आणि पुण्यात असताना दर सुट्टीत किल्ले चढायचा. त्याने संमेलनाचा व्यवहार बघणाऱ्या मार्गारेटबाईंना फोन केला. आम्ही मावळे म्हणून येणार, ढाली-तलवारी तयार आहेत, वगैरे जोरात सांगितलं.

“लव्हली! व्हिच सेंच्युरी, डिअर?”

“सेव्हन्टीन्थ.”

“ओह नो, डिअर. दॅट्स फार टू मॉडर्न.”

नंदूने फोन ठेवला आणि लगेच मला केला. आवाज पार पडलेला. “शिऱ्या, आपले महाराज ह्यांना मॉडर्न वाटतात रे!”

शेवटी आम्ही चारशे वर्षं मागे सरकलो आणि यादवांच्या देवगिरीतले व्यापारी झालो. तलवारी गेल्या, हातात तराजू आला. नंदूने ते अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

*

पहिल्या वर्षी नंदू आमच्या सगळ्यांच्या आधी पोचला. नळाजवळची सपाटी मोकळी होती. आता मराठी माणूस मोकळी जागा बघितल्यावर काय करतो? एसटीच्या खिडकीतून करतो तेच! नंदूने चार कोपऱ्यांवर चार रुमाल टाकले, वर दगड ठेवले, आणि निवांतपणे व्हॅन आणायला गेला.

परत येतो तर तिथे नॉर्मन सरदार बनलेल्या एका ग्रुपचे सहा तंबू उभे. रुमाल गायब! नंदू भांडायच्या तयारीत, तेवढ्यात लाउडस्पीकरवर घोषणा झाली, “चार रुमाल सापडले आहेत, ज्याचे असतील त्याने ऑफिसच्या तंबूतून घेऊन जावेत.”

मार्गारेटबाईंनी चारही रुमाल घडी घालून ठेवले होते. नंदूला त्यांनी समजावलं, “जागेत तुमचा माणूस असेल तर जागा तुमची. माणूस उठला, जागा मोकळी. हा माझा नियम.” नंदू मान हलवून निघाला, तर मागून आवाज आला, “अँड डिअर, दॅट ब्लू वन नीड्स अ वॉश.”

ते वर्ष आम्ही उतारावर काढलं. तीन दिवस पाऊस, दोन हातांपलीकडचं दिसेना. झोपायचो तंबूभर पसरून आणि सकाळी सगळे एका कोपऱ्यात ढीग होऊन उठायचो. घरी निघताना उताराकडे कुणी वळूनही बघितलं नाही.

*

पुढच्या वर्षी वसंतकाका आले आणि ग्रुपला खरी मजा आली. काका म्हणजे मेधाताईचे वडील. मेधाताई साउथहॅम्प्टनला भूलतज्ज्ञ. काका साताऱ्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. काकू गेल्यापासून दर उन्हाळ्यात सहा महिने लेकीकडे येतात. ती हॉस्पिटलात, नात ईरा कौन्सिलच्या नोकरीवर, आणि काका दिवसभर खिडकीशी. आयुष्यभर गर्दीत राहिलेला माणूस! इथे समोरच्या फुटपाथवरून तासाभरात एक कुत्रं जाणार, आणि त्याच्यामागे मालक.

तीन दिवसांच्या ह्या जत्रेसाठी काका वर्षभर थांबतात. त्यामुळे त्यांना नाही म्हणायची आमची कुणाचीच छाती होत नाही.

*

एकदा संमेलनात नेमकी चतुर्थी आली. काकांचा उपास. नंदू आमचा नियमवाला, मध्ययुगात नव्हतं ते चुलीवर चढू देत नाही. मिरची, बटाटा आणि टोमॅटो पहिल्याच वर्षी हद्दपार झाले होते. सगळा अमेरिकेतून नंतर आलेला माल!

काका म्हणाले, “साबुदाण्याची खिचडी टाक.”

“काका, साबुदाणा नाही चालणार. नंतरचा.”

“बरं, शेंगदाण्याची आमटी?”

“शेंगदाणेही नंतरचे.”

“रताळं?”

नंदूने नुसती मान हलवली.

“राजगिऱ्याचा लाडू तरी?”

“काका, तो पण तिकडचाच.”

काकांनी ताट पुढे ओढलं. मग वरीच्या तांदळाचा घास घेत म्हणाले, “म्हणजे त्या काळी लोक उपासाला खरोखर उपाशी राहायचे!”

*

ईरा ह्याच देशात जन्मली, वाढली. नऊवारी नेसून मिरीची पोती विकायला बसते आणि लोकांशी भारी बोलते. एक आजीबाई तिच्यापाशी थांबल्या.

“व्हेअर आर यू फ्रॉम, लव्ह?”

“साउथहॅम्प्टन.”

“नो नो, इन द स्टोरी?”

“ओह! देवगिरी.”

आजीबाईंनी इथल्याच एका गावाचं नाव घेऊन प्रामाणिकपणे विचारलं, “इज दॅट द फार साइड ऑफ स्विंडन?”

ईरा आत येऊन काकांना म्हणाली, “आजोबा, मी हो म्हटली. त्यांना बस पकडायचा होता.”

*

काकांनी आमची सगळ्यात मोठी फजिती केली ती तिसऱ्या वर्षी. आम्ही सकाळीच नळाजवळची सपाटी मिळवली, दोरी बांधली, काकांना आत खुर्चीवर बसवलं. “काका, काही झालं तरी उठायचं नाही. आम्ही सामान घेऊन आलोच.”

“अरे, मी तीस वर्षं स्टँड सांभाळलाय,” काका म्हणाले. “मला शिकवतोस?”

सामान घेऊन आलो तर आमच्या दोरीच्या आत व्हायकिंग! एक नाही, चांगले आठ-दहा. त्यांचा म्होरक्या कीथ, छातीपर्यंत दाढी, एरवी लीड्सला बाथरूमचे नळ दुरुस्त करतो. नळाजवळच्या जागेसाठी हाच माणूस दर वर्षी आमच्याशी चढाओढ करायचा. तो आमच्या चुलीपाशी बसून आमच्या चकल्या खात होता.

“काका, हे काय?”

“अरे, त्यांना वर उतारावर पाठवत होते. बायकापोरं आहेत बरोबर. म्हटलं, या आत, प्लीज ॲडजस्ट! सरकून घेतलं की होते जागा.”

“काका, राखायला बसवलं होतं तुम्हाला!”

“मी उठलो का? खुर्चीवरून हललोसुद्धा नाही!”

त्या वर्षी आमचा तराजू कीथच्या कुऱ्हाडींना टेकून उभा होता. तेव्हापासून कीथ काकांना ‘चीफ’ म्हणतो, आणि नंदू ‘कंट्रोलर’.

*

मध्ययुगात चहा आपल्याकडे नव्हता, इंग्लंडात तर नव्हताच. त्यामुळे काका मातीच्या खुज्यातून चोरून प्यायचे. एकदा मार्गारेटबाई फेरीवर आल्या, वाकून आत बघितलं. आलं, वेलची, वाफ.

“अँड व्हॉट इज दॅट?”

“मेडिसिन,” काका म्हणाले.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, झग्यातून शिंगाचा पेला काढला आणि हळूच विचारलं, “एनी लेफ्ट?”

त्यानंतर रोज दुपारी औषध घ्यायला यायच्या. दोघं शेजारी बसायची. काकांचं इंग्रजी एसटीपुरतं, बाईंना मराठी शून्य. तरी तासभर बोलायची. कशावर, ते त्यांनाच ठाऊक.

*

आता ह्या वर्षीचं सांगतो.

काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन हिवाळ्यात पुण्यात झालं. ते नीट झालं, पण चालणं अजून जपून. मेधाताईने निक्षून सांगितलं, “बाबा, सपाटीवर जागा मिळाली तरच. उतारावर मी तुम्हाला पाऊल ठेवू देणार नाही. जागा गेली तर गाडीतून उतरायचंसुद्धा नाही, तसेच घरी परत.”

काकांचा मला रोज संध्याकाळी फोन. “शिरीष, गाडीचं तेलपाणी बघितलंस ना? टायर बघ. एम-फोर्टी हायवेवर काम चालू आहे म्हणे.” त्यांच्या आवाजावरून कळत होतं, हे तीन दिवस बुडाले तर माणूस आतून खचेल. मी आणि नंदू आदल्या दिवशीच निघालो. गेट उघडलं तेव्हा रांगेत पहिली गाडी आमची.

जागा मिळाली! नळाला लागून, पाटासारखी सपाट. नंदू व्हॅन आणेपर्यंत मी दोरीच्या आत उभा. निसर्गाने हाक मारली, तिला सांगितलं थांब.

दुपारी मेधाताई आणि ईरा काकांना घेऊन आल्या. काका खुर्चीवर बसले, चपला काढल्या आणि दोन्ही पावलं गवतावर दाबून धरली. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात मार्गारेटबाई दिसल्या. त्यांनी वसंत ऋतूतच काम सोडलं होतं, कमरेचं दुखणं. आता एक नवा माणूस जागा वाटत होता, आणि बाई साध्या पाहुण्या म्हणून आल्या होत्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात ओढत आणलेला एकट्याचा तंबू. उशीर झालेला. सपाटी भरली होती. नवा माणूस म्हणाला, तुमच्यासाठी कुणालातरी हलवतो. बाई कडाडल्या, “सर्टनली नॉट! तो नियम मी केलाय.” आणि काठी टेकत उताराकडे निघाल्या.

काकांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. सरकून घ्यायला ह्या खेपेला वीतभर जागा नव्हती. इकडे कीथच्या दोऱ्या, तिकडे नॉर्मन सरदार.

काका उठले. हळूहळू दोरीपर्यंत गेले, ती ओलांडली आणि बाहेर उभे राहिले. “ईरा, त्यांना सांग. माणूस उठला, जागा मोकळी.”

ईराने सांगितलं. बाई थबकल्या. त्या परत आल्या, काकांच्या खुर्चीवर बसल्या आणि जोरात नाक शिंकरलं.

“बाबा!” मेधाताईचा आवाज चढला. “आणि तुम्ही कुठे झोपणार?”

“मी वर.”

“ह्या गुडघ्यावर? मी काय सांगितलं होतं?” तिने गाडीची किल्ली बाहेर काढली. “चला. घरी.”

काका गवतात चपला शोधायला लागले. त्यांच्याकडे बघवेना.

“एक्सक्यूज मी, डॉक्टर.” कीथ! त्याच्यामागे तीन दांडगे व्हायकिंग. त्यांनी त्यांच्या जहागीरदाराच्या लाकडी खुर्चीला तंबूचे दोन लांब खांब आवळून बांधले होते. “यू सेड नो वॉकिंग. यू नेव्हर सेड नो कॅरिंग.”

मेधाताई वाकली. एकेक गाठ ओढून बघितली, ऑपरेशनच्या आधी नळ्या तपासते तशी. मग किल्ली पर्समध्ये टाकली. “हळू न्या. आणि डावा पाय सरळ ठेवा, बाबा!”

व्हायकिंगांनी शिंग फुंकलं. काका वर, दोन्ही बाजूंनी दाढीवाले, पुढे तराजू घेतलेला नंदू, मागे औषधांची पिशवी घेऊन मेधाताई. पब्लिकला वाटलं कार्यक्रमच आहे, टाळ्या वाजवत मोबाइल काढून मागे! एक लहान मुलगी आईला विचारत होती, “मम्मी, इज ही द किंग?”

माथ्यावर खुर्ची टेकवली. कॉटच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे घालून ईराने पाणी न सांडणारी सपाटी केली. आम्ही सगळे धापा टाकत बसलो. ऊन कलतं झालं होतं. खाली सगळं शेत पसरलेलं, शंभर तंबू, निशाणं, चुलींचा धूर, लांबवर नदी, आणि अगदी तळाला नळाशी बादल्या घेऊन भांडणारी माणसं.

काका कितीतरी वेळ बघत राहिले. आता काहीतरी मोठं बोलणार म्हणून आम्ही कान टवकारले. मेधाताईने तर डोळे पुसायला पदर हातात धरलेला.

काका माझ्याकडे वळले.

“शिरीष, गाढवांनो, इतकी वर्षं आपण त्या नळापाशी काय करत होतो रे?”